सुयांचा पावसाळा

मला राग लवकर येतो. आता गुडघे गेले, दात गेले, म्हणून कोणाच्या अंगावर धावून जात नाही एवढंच. तोंड अजून तसंच आहे. आय म्हणायची, "याच्या जिभेला वल्हं न्हाय, शीड हाय. वारा आला का सुटली." आय खोटं बोलत नव्हती. याच जिभेने मी एकदा भर जमातीपुढे, म्हणजे आमच्या जातपंचायतीपुढे, खरं बोललो, बायकोला वाचवायला म्हणून बोललो, आणि त्या बोलण्यानेच तिची बुडायची वेळ आली. ते आठवलं की या वयातही कान गरम होतात.

स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली असतील. आमचा कोळीवाडा आगरदांड्याच्या अंगाला. समोर खाडी, पलीकडे दिघी. बायको दिघीकडची. वडील लवकर गेले, त्यामुळे घर आणि होडी दोन्ही आयनेच सांभाळलेली. जाळी विणणं, बोंबील सुकवणं, खलाशांचे वाटे करणं, कोणी आवाज चढवला तर त्याच्या दुप्पट चढवणं, सगळं तिला यायचं. तिचं एकच म्हणणं होतं, होडीला पुढे धनी पाहिजे. लग्नाला वर्षं होत गेली आणि पाळणा काही हलेना, तेव्हा तिचं ते म्हणणं घरातल्या धुरासारखं सगळ्या भांड्यांना बसलं.

बायकोने काय नाही केलं! नवस केले, उपास केले, कोणा वैदूच्या कडू मुळ्या उगाळून प्यायली आणि ओकली. मी बाजूला बसून आरामात कालवणभात खात असायचो. माझ्यात काही उणं असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. मिशा होत्या, दंड होते, भरलेलं जाळं ओढताना माझ्याएवढा जोर कोणाचा लागत नसे. मग दोष माझ्यात कसा असणार? आमच्याकडे कोणालाच तसं वाटत नसे. झाड फळलं नाही तर जमिनीला दोष द्यायचा, बियाला नाही.

मुंबईत आमची मासळी घेणारा एक दलाल होता. एकदा हिशेब झाल्यावर चहा पिताना तो सहज म्हणाला, "बायकोला कशाला मुळ्या पाजतोस? आधी स्वतःला तपासून घे. मी पण घेतलं होतं." मी कपबशी आपटून उठलो. शिव्या घातल्या. पण परतीच्या आगबोटीत रेवदंड्याच्या पुढे येईपर्यंत त्याचं ते वाक्य डोक्यातून जाईना. पुढच्या खेपेला मान खाली घालून मीच त्याला डॉक्टरचा पत्ता विचारला. त्याने हसू दाबलं, हे त्याचे उपकार.

डॉक्टर तरुण होता, परदेशात शिकून आलेला. आवाज इतका शांत की मासळीचा भाव विचारावा तसं तो नको ते विचारत होता. गालगुंड झालं होतं का? तिकडे मार लागला होता का? बाहेरची बाई? मी सगळ्याला "न्हाय, न्हाय" म्हणत घामाने भिजलो. मग त्याने रुंद तोंडाची एक काचेची बाटली हातात दिली आणि आतल्या खोलीत जायला सांगितलं. मला वाटलं लघवी पाहिजे. कंपाउंडरने कानाशी येऊन काय पाहिजे ते सांगितलं. आयला! माझ्यासारखा माणूस, वादळात डोलकाठी धरून उभा राहिलेला, त्या खोलीत जाऊन उभा राहिला आणि त्याला रडू यायला लागलं. भिंतीवर देवीचं कॅलेंडर होतं. ते आधी उलटं केलं.

थोड्या वेळाने डॉक्टरने मला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. आम्ही त्याला दुर्बीणच म्हणायचो. मोजकेच ठिपके होते, तेही सुस्तावलेले. "कमी आहेत आणि मंद आहेत," तो म्हणाला. "कारण मात्र सापडत नाही. सगळं ठाकठीक दिसतंय, तरी असं आहे."

"कारण न्हाय म्हंजे? इंजिन बंद पडलं तर मिस्त्री कारण सांगतो. तुमी एवढं शिकलाव ते कशाला?"

तो रागावला नाही. खुर्ची जवळ ओढून त्याने मला जे सांगितलं ते मी पुढे गावात इतक्यांदा सांगितलं आणि इतक्यांदा तोंडघशी पडलो की शब्दन्‌शब्द पाठ आहे. पुरुषाच्या अंगात एक रस असतो. त्याच्यामुळे दाढीमिशा येतात, आवाज फुटतो. तो रस आता कारखान्यात बनतो आणि तेलात घालून सुईने देतात. बाहेरून तो भरपूर मिळाला की आतलं काम बंद पडतं, अगदी पार बंद. मग सुया थांबवायच्या आणि वाट बघायची. आतलं काम परत सुरू होतं, आणि कधी कधी पहिल्यापेक्षा जोरात होतं.

"कधी कधी?" मी विचारलं.

"कधी कधी. हमी कोणीच देणार नाही."

मी डोकं खाजवलं आणि म्हणालो, "म्हंजे पावसाळ्यात दर्या बंद ठेवतात तसं." त्याला कळलं नाही. मग मी सांगितलं की आषाढ-श्रावणात आम्ही होड्या वर ओढतो, दर्याला हात लावत नाही, आणि नारळी पुनवेला नारळ सोडून परत जातो तेव्हा मासळी कशी उसळते. डॉक्टरने टेबलावर हात मारला. "अगदी हेच! मला हे इतक्या सोप्या शब्दांत कधी सांगता आलं नव्हतं." मला उगाच हुशार झाल्यासारखं वाटलं.

तेव्हा पावसाळा तोंडावर होता. घरी सांगितलं की होड्यांना आता इंजिनं बसणार, मी मुंबईला ते काम शिकायला जातो. आय खूश झाली. बायकोला मात्र खरं सांगितलं. तिने हातातली जाळ्याची गाठ सोडवली आणि म्हणाली, "दुकतं का वो सुईनं?" मी म्हटलं, छट्‌, मुंगी चावल्यागत.

मुंगी कसली! तेलाची सुई ती. दाभणासारखी जाड, आणि औषध आत शिरायला वेळ लागायचा. बसायच्या जागी गाठी आल्या. इंजिनाच्या कारखान्यात खरंच जात होतो, पण तिथे एका अंगावर कलून बसायचो. मिस्त्री विचारायचा, "मूळव्याध काय रे?" मी हो म्हणायचो. मूळव्याधीची लाज परवडली. वर तोंडावर मिसरूड फुटणाऱ्या पोरासारख्या पुटकुळ्या आल्या, आणि राग तर विचारू नका. आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला. त्या मिस्त्रीशी एकदा पान्यावरून हाणामारी केली आणि मग त्याच्याच पाया पडलो.

सुया संपल्यावर पुन्हा बाटली, पुन्हा ती खोली. या खेपेला दुर्बिणीखाली काहीच नव्हतं. एक ठिपका नाही. डॉक्टर म्हणाला, "उत्तम! हेच पाहिजे होतं. आता दिवाळी होऊन जाऊ द्या, मग बघू." त्याचं तोंड हसरं होतं. मी मात्र पायऱ्या उतरून रस्त्यावर आलो आणि मला वाटलं, गेलं. जे होतं तेही या माणसाने पुसून टाकलं. दर्याचं सोडा, दर्या परत येतो हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बघितलंय. हे परत येताना कोणी बघितलंय?

एसटीने, चिखलातून, पेण-अलिबागवरून घरी आलो. नारळी पुनव दोन-चार दिवसांवर होती. बघतो तर आमच्या अंगणात जमात बसलेली. पंच घोंगडीवर, बाकी लोक कडेने. खाडीपलीकडून सासऱ्यालाही बोलावून आणलेलं. तो उकिडवा बसून जमिनीकडे बघत होता. मला दारातच कळलं की हे काडीमोडासाठी आहे. आमच्यात तेव्हा कोर्टकचेरी नव्हती. पंचांसमोर नवऱ्याने गवताची एक वाळली काडी मोडून दोन तुकडे टाकले की लग्न मोडलं. आयने श्रीवर्धनच्या अंगाची एक मुलगीही बघून ठेवली होती.

मी आयला दोष देत नाही. म्हणजे तेव्हा दिला, आता देत नाही. तिला होडी दिसत होती. मला मात्र उंबऱ्याजवळ बसलेली बायको दिसली. डोक्यावरून पदर, आणि शेजारी लुगड्यात बांधलेलं गाठोडं. तिने ते स्वतःच बांधून ठेवलं होतं, कोणाला सांगावं लागू नये म्हणून. ते गाठोडं बघून माझं डोकं फिरलं.

म्हाताऱ्या पंचाने माझ्या हातात काडी दिली. मी ती फेकून दिली.

"मोडायचं तर माझं हाड मोडा! तिच्यात काय दोष न्हाय. मी इंजिनापायी मुंबईला गेलतो न्हाय, डॉक्टराकडं गेलतो. त्यानं दुर्बिणीतून बघितलं. माझ्यात काईच न्हाय. शून्य! दहा बायका करून द्या, मरेस्तवर मला पोर व्हनार न्हाय. बसा आता नारळ फोडत!"

डॉक्टरने वाट बघायला सांगितलंय, हे मी बोललो नाही. एक तर माझाच त्याच्यावर विश्वास उरला नव्हता. आणि दुसरं म्हणजे, त्या रागात "कदाचित, पुढेमागे" असलं मिळमिळीत बोलणं तोंडातून आलंच नसतं.

मागून कोणीतरी फिसकन हसलं. पंच उठले, लोक पांगले, सासरा माझ्याकडे न बघता होडीकडे चालू लागला. आय चुलीपाशी जाऊन बसली. बायकोने गाठोडं सोडलं आणि लुगडी परत फळीवर ठेवली. जेवताना हळूच म्हणाली, "एवढं वरडाया पायजे व्हतं का?" पण डोळ्यांत हसत होती. तो एक दिवस मला वाटलं, मी मर्द आहे.

दुसऱ्या दिवसापासून माझं नाव शून्य पडलं. पोरं लांबून ओरडायची. बायका विहिरीवर मला बघून पदर तोंडाला लावायच्या. होडीवर माझेच खलाशी, माझ्याच वाट्यावर पोट भरणारे, पण जाळं रिकामं आलं की कोणीतरी म्हणायचंच, "आज जाळं बी धन्यावर गेलं." सगळे खदाखदा हसायचे. मी समुद्राकडे तोंड करून दोर गुंडाळत बसायचो. माझ्यासारख्या तापट माणसाने ते कसं गिळलं याचं नवल वाटतं. गिळलं, कारण घरी गेल्यावर चुलीपाशी ती असायची. लाज तिच्या अंगावरून निघून माझ्या अंगावर आली होती, हा सौदा मला कबूल होता. दिवाळीनंतर डॉक्टरकडे जायचं होतं, ते गेलोच नाही. अजून एकदा शून्य ऐकायला कोण जातो!

शिमग्याच्या आधीची गोष्ट. मी किनाऱ्यावर होडीच्या सावलीला जाळं सांधत होतो. बायको वाळत घातलेल्या जवळ्याकडून चालत आली आणि वाळूत बसली. म्हणाली, जवळ्याच्या वासाने उमळून येतंय. जिचा जन्म त्या वासात गेला तिला उमळून येतंय! मी सुई हातातच धरून तिच्याकडे बघत राहिलो. मग एकदम उडी मारली. "डॉक्टर खरा निघाला! अगं, खरा निघाला तो!"

ती हसली नाही. "डॉक्टर खरा निघाला ते तुमाला ठावं नि मला ठावं," ती म्हणाली. "गावाला तुमी काय सांगितलंव?"

मरेस्तवर पोर होणार नाही, हे मी भर जमातीत, तिच्या बापासमोर, गळा काढून सांगितलं होतं. आता तिच्या पोटात पोर होतं. मग ते कोणाचं?

आमच्याकडे शिमग्याला दारोदार बोंब मारतात. कोणाचं काय उणंदुणं असेल ते नाव घेऊन ओरडायचं, आणि ऐकणाऱ्याने हसायचं, चिडायचं नाही, हा रिवाज. बातमी तोवर विहिरीवरून सगळीकडे गेली होती. त्या वर्षी आमच्या दाराशी येऊन लोक ओरडले, "शून्याच्या घरात पाळणा! पाळण्यात कोन? सांगा कोन?" मी वल्हं घेऊन धावलो. एकाचं डोकं फुटता फुटता राहिलं. झालं! शिमग्याला जो चिडला त्याच्यावरची बोंब खरी, असं आमच्यात म्हणतात. माझ्या वल्ह्याने सगळ्या गावाची खात्री पटवून दिली.

मग मी समजावत सुटलो. धक्क्यावर, देवळाशी, जाळी रंगवायच्या भट्टीपाशी, जो भेटेल त्याला धरून डॉक्टरची गोष्ट. सुयांनी आधी बंद पडतं, आणि सुया बंद केल्या की चालू होतं. लोक मला दारू प्यायलेल्यासारखं बघायचे. "औषध घेतल्यावर बंद आणि सोडल्यावर चालू? मग घ्यायचं कशाला?" मी बंद दर्याची उपमा दिली, ती डॉक्टरला आवडली होती, कोळ्यांना नाही आवडली. "दर्याला कोन सुई टोचतं रं?" असं म्हणून ते हसले.

मग एका म्हाताऱ्याने विचारलं, सुईच्या औषधाच्या त्या बाटलीत काय होतं? मी म्हटलं, पुरुषाचा रस. कोणत्या पुरुषाचा? मी म्हटलं, कोणाचा नाही, कारखान्यातला. "कारखान्यात काय झाडाला लागतो व्हय? कोना पुरुषाचाच काढला असंल ना?" तिथेच ठिणगी पडली. गावात दोन तट झाले. एक म्हणायचा, पोर कोळीवाड्यातल्याच कोणाचं तरी आहे. दुसरा म्हणायचा, नाही, बिचारीवर आळ घेऊ नका, पोर बाटलीतल्या माणसाचं आहे. सुईतून नवऱ्याच्या अंगात गेलं नि तिथून तिच्या. हा दुसरा तट आमच्या बाजूचा! त्यांनी मला खांद्यावर हात ठेवून धीरही दिला.

एके दिवशी आयने मला परसात बोलावलं. कधी नव्हे तो आवाज खाली होता. "बाला, खरं सांग. त्या बाटलीतला मानूस कंच्या जातीचा व्हता?" मला हसावं की कपाळ फोडून घ्यावं कळेना. पण तिचं तोंड पार घाबरलेलं होतं. माझी लाज तोवर जुनी झाली होती. त्या दिवशी आयची लाज वाटली, आणि तशी वाटली म्हणून स्वतःची पुन्हा वाटली.

पापलेटची पाटी घेऊन मी मुंबईला डॉक्टरकडे गेलो. त्याने तपासलं, आणि दुर्बिणीतून डोकं वर काढून मोठ्याने हसला. ठिपके परत आले होते, पहिल्यापेक्षा पुष्कळ, आणि धावत होते. मी म्हटलं, साहेब, आमच्या गावी चला आणि पंचांना एवढं सांगा. त्याने मान हलवली. "मी सांगेन की तुम्हाला मूल होऊ शकतं. पण ते मूल तुमचंच आहे, हे कसं सांगू? कोणाचं पोर ते सांगणारी दुर्बीण अजून निघालेली नाही."

जमातीने ठरवून टाकलं होतं. पोर जन्मू दे. पाचव्या दिवशी पंच येतील, बघतील आणि सांगतील. पोर आमचं नाही असं ठरलं तर बाईने ते घेऊन दिघीला जायचं. मी तिला ठेवून घेतलं तर आमच्या दारात कोणी पाणी पिणार नाही, आमच्या होडीवर एक खलाशी चढणार नाही. मी ठरवलं, होडी गेली खड्ड्यात, ती गेली तर मीही दिघीला जाणार. तिला तसं सांगायला गेलो. ती पोटुशी, कोयत्यावर बोंबील चिरत बसलेली. मान वर न करता म्हणाली, "तुमी आता काय बोलू नका. तुमी बोललाव का माजं काय तरी जातं."

गौरी-गणपती झाले आणि ती बाळंत झाली. मुलगी. सुईण बाहेर येऊन सांगताना चाचरली, पण मी आत जाऊन बघितलं, आणि त्या घटकेला मला जगाचं काही पडलं नव्हतं. एवढीशी मूठ, ती माझ्या बोटाला बसली.

पाचवीच्या दिवशी, दुपार कलताना, पंच आले. पाचवीला घर कसं भरलेलं असतं! सटवाईची पूजा मांडायची, बायकांनी गाणी म्हणायची. त्या दिवशी कोळीवाड्यातल्या बायका आल्या, पण आमच्या अंगणाच्या बाहेर रांगेने बसल्या. पंचांनी हो म्हटल्याशिवाय त्या आत येणार नव्हत्या. बायकोला पोर घेऊन उंबऱ्यात बसवलं. पंच वाकून वाकून बघायला लागले. नाक कोणावर? कान कोणावर? पाच दिवसांचं पोर कोणावर असतं? ते जांभई देत होतं. कोणी म्हणालं, रंग उजळ आहे, बाटलीतला गोरा असंल. म्हाताऱ्या पंचाने मला विचारलं, "तुला काय सांगायचं हाय का?"

सांगायचं तर डोंगराएवढं होतं. तोंड उघडलं. तेवढ्यात बायकोने वर बघितलं, आणि मी तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा मिटलं असेल.

तेव्हा आय उठली. ती इतका वेळ भिंतीला टेकून बसली होती. कमरेवर हात ठेवून ती पंचांच्या समोर उभी राहिली.

"तुमची डोकी हायत का भोपळे? दुसऱ्या कोना धडधाकट मानसाचं असतं, तर पोरगा झाला नसता का? बाटलीतला असता तरी पोरगाच झाला असता; येवडा पैका मोजून कोन पोरीचं औषध इकत घेतं? ही पोरगी हाय. म्हंजे याचीच. याच्या अंगात व्हतं नव्हतं, त्यात येवडंच निघालं."

क्षणभर कोणालाच कळलं नाही. मग एक पंच मांडीवर थाप मारून हसला, मग दुसरा, मग सगळं अंगण. बाहेर रांगेतल्या बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. "म्हातारी बोलली ते सोळा आणे खरं!" असं म्हणत म्हातारा पंच डोळे पुसायला लागला. आयला खरंच तसं वाटत होतं, की पंचांच्या गळी उतरेल असं तेवढंच आहे हे तिने ओळखलं होतं, ते मला कळलं नाही. ती हसत नव्हती. ती फक्त माझ्याकडे बघत होती, शीड सोडायच्या आधी खलाशाकडे बघतात तसं.

हसू ओसरल्यावर पंचाने मला विचारलं, "काय रं, तुला पटतंय का?"

डॉक्टरच्या दुर्बिणीत धावणारे ते ठिपके मला दिसत होते. ते सगळं जिभेच्या टोकावर होतं. समोर माझी पाच दिवसांची लेक होती, आणि ती माझ्या उणेपणाचा पुरावा आहे असं सगळ्यांनी ठरवलं होतं. एकदा खरं बोलून काय झालं ते मी बघितलं होतं.

"व्हय," मी म्हणालो. आणि त्यांच्याबरोबर हसलो.

बायका हसत हसतच अंगणात आल्या, घरात शिरल्या. हळदकुंकू आलं, पाट मांडला गेला, गाणी सुरू झाली. आय नारळ घेऊन आत गेली. दिघीला जायचं टळलं, होडी राहिली, पोर आमची ठरली. सगळं जागच्या जागी बसलं. दुसरं मूल आम्हाला पुढे झालं नाही, आणि ती गोष्टही कोळीवाड्याने म्हातारीच्या बोलण्यालाच जोडली.

मी उंबऱ्याशी गेलो. बायको तिथेच बसली होती. तिने पोरीचे दोन्ही कान तळहातांनी झाकून धरले होते. बायका आत बोलवत होत्या, तरी तिने हात काढले नाहीत. मी वाकलो तेव्हा ती माझ्याकडे न बघता, अगदी हळू म्हणाली, "पोरीच्या देखत परत कवा व्हय म्हनू नका."